मोरीच्या पाण्यावरची परसबाग

पावसाळा संपता संपता एक सासू-सून दवाखान्यात आल्या. घाटाखालच्या, पूर्णा नदीजवळच्या गावातल्या. सून चोविशीतली, दम लागतो, चक्कर येते, जिना चढवत नाही. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर कागदासारखी पांढरी. हिमोग्लोबिन निघालं ८.६. गरोदर नसलेल्या बाईचं ते १२ च्या वर असायला हवं. मी लोहाच्या गोळ्या लिहिल्या आणि सवयीनं पुढचं वाक्य बोललो, "हिरव्या पालेभाज्या खायच्या. घरामागं जागा असेल तर थोडी मेथी, पालक लावा."

सासू इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "डाक्टरसायेब, लावाले काय हरकत नाही. पन पानी कोठून आनू? हापशीचं पानी टाकलं त जमीन पांढरी पडते."

हे वाक्य मी किमान वीस वर्षं रुग्णांना ऐकवत आलो आहे, पण पाण्याचा प्रश्न कधी विचारला नव्हता. त्यानंतर म्हाताऱ्या रुग्णांना मी एक जादा प्रश्न विचारू लागलो: तुमच्या लहानपणी परसात काय होतं? हा लेख त्यांच्या उत्तरांतून आणि थोड्या वाचनातून आला आहे. आज आजाराऐवजी इतिहास आहे, पण तो हिमोग्लोबिनपाशीच येऊन थांबतो.

बाहेरच्या वाचकांसाठी आधी आमच्या जिल्ह्याचा नकाशा सांगतो. बुलढाण्यात माणूस दोन ठिकाणचा असतो, घाटावरचा किंवा घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हे तालुके घाटावर. खाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, आणि नदीपलीकडे सातपुड्याच्या पायथ्याला जळगाव जामोद, संग्रामपूर. जुन्या कागदपत्रांत वऱ्हाडाचे हेच दोन भाग बालाघाट आणि पाईनघाट या नावांनी येतात. घाटावर पाणी कमी पण गोड. घाटाखाली काळी कसदार जमीन, पण मधल्या मोठ्या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारट. त्यालाच आपण खारपाणपट्टा म्हणतो. हा पट्टा पुढं अकोला आणि अमरावती जिल्ह्यांत जातो.

आता परसाकडे येऊ. आपल्या खेड्यांत जमिनीचे दोन रंग मानत. पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्या मातीची घरं पडायची, त्यावर नवी उठायची, चुलीची राख, शेण, केरकचरा त्यात मिसळायचा. म्हणून गावठाणाची माती पांढरट, भुसभुशीत होत गेली. ओसाड पडलेल्या गावठाणाची पांढरी माती शेतकरी गाड्या भरून वावरात खत म्हणून नेत, इतका तिला कस. घराच्या मागं या मातीचा जो तुकडा उरे, ते परस. पुढं अंगण, तिथं तुळस. मागं परसदार, तिथं न्हाणी, मोरी, जनावरांचा कोठा आणि मोरीच्या तोंडाशी बाग.

सगळी बाग उभी होती ती मोरीच्या पाण्यावर. बागेसाठी वेगळं पाणी कोणी शेंदत नसे. विहिरीवरून डोक्यावर आणलेली घागर आधी स्वयंपाकात, मग भांड्यांत, मग आंघोळीत आणि शेवटी आळूच्या मुळाशी जाई. एका आजोबांनी मला झाडांचा क्रमसुद्धा सांगितला. मोरीच्या अगदी तोंडाशी आळू आणि कर्दळ, त्यांना पाय ओले चालतात. पुढं केळ. त्याच्यापुढं पाणी पाझरून कमी झालं की पुदिना, सांबार, मिरचीची चार झाडं, वांगी. कडेला गोडलिंब आणि लिंबोणी. कोरड्या कोपऱ्यात शेवगा, कारण त्याला पाणी दिलं नाही तरी चालतं. कुडावर पावसाळ्यात दोडका, गिलकं, कारलं, वाल. छपरावर गंगाफळाचा वेल. (सांबार म्हणजे कोथिंबीर आणि गोडलिंब म्हणजे कढीपत्ता, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी.)

बियाणं विकत आणलं जात नव्हतं. दोडक्या-गिलक्याची पहिली चांगली फळं वेलावरच वाळू द्यायची आणि आढ्याला टांगायची. भोपळ्याच्या बिया राखेत घोळून गाडग्यात. हे सगळं काम बायांचं होतं आणि त्याची नोंद कुठल्याच सातबाऱ्यावर नव्हती.

"आपलं पारंपरिक" म्हणून ज्याचा गौरव होतो त्या या बागेतली निम्मी झाडं परदेशी आहेत. मिरची, पपई, पेरू, टमाटा, एवढंच काय तर नावात गंगा असलेलं गंगाफळसुद्धा मूळचं अमेरिका खंडातलं. पोर्तुगीज सोळाव्या शतकात आले, त्यानंतर ही रोपं किनाऱ्यावरून हळूहळू आत शिरली. आळू, वांगं, दोडका, शेवगा, गोडलिंब हे आधीपासून इथले. परसाला परंपरेचा असा काही सोस नव्हता. जे मोरीच्या पाण्यावर तगेल आणि भाकरीबरोबर खाता येईल, ते ठेवून घेतलं जाई.

भाकरीबरोबर खाण्याच्या या गोष्टीला डॉक्टरच्या दृष्टीनं फार महत्त्व आहे. वऱ्हाडाचं मुख्य अन्न ज्वारी. नुसत्या ज्वारीवर, म्हणजे डाळ, भाजी, दूध फारसं न मिळता दिवस काढणाऱ्या दख्खनमधल्या मजुरांना पेलाग्रा होतो, हे १९६० च्या सुमारास हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी दाखवून दिलं. उन्हाच्या जागी कातडी काळी पडून सोलते, जुलाब होतात, पुढं भ्रम होतो. ज्वारी वाईट नाही, पण ती एकटी पुरत नाही. आपल्याकडे ज्वारीच्या कण्या घालून केलेली अंबाडीची भाजी, वरणात शेवग्याच्या शेंगा, पिठलं-भाकरीबरोबर सांबार-मिरचीचा ठेचा आणि वर लिंबू पिळलेलं, ही जेवणं कुणी पोषणशास्त्र वाचून केली नव्हती. पण ज्वारीच्या ताटात जी उणीव राहते तिचा काही भाग ती भरून काढत.

मात्र परस सगळ्यांना होतं असं समजू नका. गावकुसाबाहेर राहणाऱ्यांच्या झोपडीमागं मोकळी जागा असली तरी विहिरीवर हक्क नव्हता. दुसऱ्यानं वरून ओतलेल्या पाण्याची वाट पाहत बसणाऱ्या बाईच्या मोरीतून बागेला काय जाणार? १९२७ साली महाडच्या तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी जो हक्क मागितला, त्याचा आहाराशीही सरळ संबंध होता. जुन्या परसबागेच्या आठवणी गोड लागतात खऱ्या, पण त्या बहुतेक विहिरीजवळच्या घरांतल्या आहेत.

१८५३ च्या तहानं निजामाचं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आलं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धानं तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर पडली. त्याच दशकात मुंबईहून निघालेली रेल्वे मलकापूर-शेगाववरून १८६७ साली नागपूरला पोचली. खामगावची कापसाची बाजारपेठ एवढी मोठी झाली की तिच्यासाठी वेगळा फाटा टाकला गेला आणि १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आले. कापसानं परस गिळलं नाही, वावर गिळलं. पण वावरात ज्वारी-तुरीच्या तासांत अंबाडी, चवळी, वाल असायची, बांधावर तांदुळजा मिळायचा. तो भाग आक्रसला आणि ताटातल्या हिरव्या पानांचा भार परसावर जास्त पडला.

याच काळात इंग्लंडमध्ये काय चाललं होतं ते पाहा. तिथल्या शेतमजुराच्या झोपडीशेजारी कोबी, कांदा, औषधी झाडं आणि थोडी फुलं अशी मिसळ बाग असे. आज ज्याला कॉटेज गार्डन म्हणतात त्याचं मूळ हेच. ज्यांना अशी जागा नव्हती त्यांच्यासाठी १८८७ साली कायदा झाला आणि मागणी असेल तिथं मजुरांना भाजीचे तुकडे मिळवून देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर आली. आमच्यावर राज्य करणाऱ्या सरकारला स्वतःच्या देशात परसबागेचं मोल चांगलं ठाऊक होतं. वऱ्हाडात त्यानं मोजली ती काळी, कारण सारा तिच्यावर होता.

मग १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा दुष्काळ. परसबागेचा मुख्य कच्चा दुवा इथं दिसतो. विहीर आटली की घरात पाणी तोलून वापरतात, आंघोळी थांबतात, भांडी राखेनं कोरडी घासतात. म्हणजे मोरी कोरडी. बागेची सर्वात जास्त गरज असते त्याच वर्षी बाग नसते. मग लोक तरोटा, चिवळ, कुंजरासारख्या रानभाज्यांकडे वळत, आणि पाऊसच नसेल तर त्याही उगवत नसत.

विसाव्या शतकात परसबाग सरकारला आठवली ती युद्धामुळे. १९४२ साली जपाननं ब्रह्मदेश घेतला, तिकडचा तांदूळ बंद झाला आणि "अधिक धान्य पिकवा" मोहीम निघाली. स्वातंत्र्यानंतरही ती चालू राहिली. १९५२ साली तिची तपासणी करायला समिती नेमावी लागली. त्याआधी १९३७ साली कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून डॉ. आयक्रॉइड यांनी भारतीय अन्नपदार्थांतल्या पोषक घटकांचे तक्ते प्रसिद्ध केले होते. त्यामुळे शेवग्याच्या पाल्यात काय आहे हे आता आकड्यांत सांगता येऊ लागलं. साठच्या दशकात युनिसेफ आणि एफएओच्या मदतीनं उपयोजित पोषण कार्यक्रम आला. त्यात शाळेची बाग, महिला मंडळाची बाग, कोंबड्या, सगळं होतं. कल्पना उत्तम होती. बियाण्याची पाकिटं वाटली गेली, पण पाणी वाटता येत नव्हतं.

१९७० साली दिशा बदलली. जीवनसत्त्व अ चा दर सहा महिन्यांनी पाजायचा डोस आणि गरोदर बायांसाठी लोहाच्या गोळ्या, असे दोन राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाले. दोनच वर्षांत १९७२ चा दुष्काळ पडला आणि खडी फोडणाऱ्या हातांना सुकडी मिळाली. गोळी, डोस आणि सुकडी या तिन्ही गोष्टींना पाणी लागत नाही, आणि त्या पाठवता येतात. त्यांनी जीव वाचवले, डोळे वाचवले, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. रातांधळेपणानं संध्याकाळी भिंत चाचपडत चालणारी मुलं आमच्या आधीच्या पिढीच्या डॉक्टरांनी नेहमी पाहिली. मला ती क्वचित दिसतात.

पण परस बंद झालं ते मोरीच्या बाजूनं, आणि त्यात माझ्या व्यवसायाचा हात आहे. १९५३ पासून मलेरियाविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. साचलेलं पाणी म्हणजे डास, हे आम्ही गावोगाव सांगितलं. ते बरोबरच होतं, पण अर्धवट. मलेरियाचा ॲनोफिलीस बहुतेक स्वच्छ पाण्यात वाढतो. डेंग्यूचा एडिस तर घरातल्या रांजणात आणि टाकीत. मोरीच्या घाण डबक्यात वाढतो तो क्युलेक्स, ज्याच्यामुळं हत्तीरोग पसरतो. आणि जे पाणी केळ-आळू दिवसभरात पिऊन टाकतात, त्याचं डबकं होतच नाही. आम्ही डबकं आणि बाग यांत फरक केला नाही. पुढं सिमेंटच्या नाल्या आल्या. २००० साली सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात गावं खरोखर झाडून निघाली. पण मोरीचं तोंड परसाकडून रस्त्याकडे वळलं ते कायमचं.

पाणीही बदललं होतं. १९५९ साली सर्फ बाजारात आलं, १९६९ नंतर निरमा घरोघरी पोचला. त्याआधी भांडी राखेनं घासली जात, डोकं शिकेकाई-रिठ्यानं धुतलं जाई. राखेत पोटॅश असतो, तो झाडाला चालतो. धुण्याच्या पावडरीत सोडा असतो, म्हणजे सोडियम. काळ्या चिकण मातीत सोडियम साचला की ती दगडासारखी घट्ट होते, पाणी आत मुरत नाही, पानांच्या कडा जळतात. म्हणजे मोरी परसाकडे परत वळवली तरी ती जुनी मोरी राहिलेली नाही.

बियाण्याचंही तसंच. देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा तालुक्यांत गेलात तर माळावर पांढऱ्या शेडनेटच्या रांगा दिसतील. तिथं कंपन्यांसाठी मिरची, टमाटा, काकडीचं संकरित बियाणं तयार होतं. फुलाफुलाला हातानं परागीकरण करणाऱ्या बहुतेक बायाच. त्यातून घरांना चार पैसे मिळतात, चांगलंच आहे. पण त्यातल्या कित्येकींच्या घरामागं मिरचीचं एक झाड नाही, आणि हे मी त्यांच्या रक्ताचे रिपोर्ट हातात धरून विचारलेलं आहे.

आता परसबाग पुन्हा आली आहे. २०१८ साली पोषण अभियान सुरू झालं, सप्टेंबर हा पोषण महिना ठरला. उमेदच्या बचत गटांनी "माझी पोषण परसबाग" मोहीम घेतली. आठवड्याच्या सात दिवसांचे सात वाफे असलेली गोल बाग त्यातून बऱ्याच गावांत दिसू लागली. दरम्यान राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांतलं ॲनिमियाचं प्रमाण २०१५-१६ मधल्या ४८ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ५४ टक्क्यांवर गेलं. पाच वर्षांखालच्या मुलांत ते जवळपास ६९ टक्के निघालं.

मग परसबागेनं हिमोग्लोबिन वाढतं का? थोडं गणित करू. शेवग्याच्या १०० ग्रॅम ताज्या पाल्यात लोह सुमारे साडेचार मिलीग्रॅम. बाईची रोजची गरज आयसीएमआरनं २९ मिलीग्रॅम धरली आहे. शिवाय पालेभाजीतलं लोह आतड्यातून फार थोडं शोषलं जातं, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर आणखी कमी. लिंबू, पेरू, आवळा यांतल्या जीवनसत्त्व क मुळं ते वाढतं. म्हणून परसातली लिंबोणी ही रक्तासाठी मेथीइतकीच कामाची. बांगलादेशात नव्वदच्या दशकापासून घरगुती बागांचे मोठे प्रयोग झाले. भाज्या खाणं निश्चित वाढलं, पण केवळ त्यामुळं ॲनिमिया हटल्याचा पुरावा कमजोर आहे. एकदा हिमोग्लोबिन ८.६ झालं की ते भाजीनं भरून निघत नाही, गोळी लागतेच. गोळ्यांनी चढलेलं रक्त टिकवायला आणि मुळात उतरू न द्यायला भाजीची मदत होते. जीवनसत्त्व अ च्या बाबतीत मात्र परस खरंच तगडं आहे. शेवग्याचा पाला, आळू, तांदुळजा, गंगाफळ, पपई, सगळ्यांत बीटा कॅरोटीन भरपूर, फक्त भाजीत थोडं तेल हवं.

खारपाणपट्ट्यासाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. घेवड्याच्या जातीच्या शेंगा खारट पाण्यात पहिल्यांदा मरतात. आपला देशी पालक मात्र बीटच्या कुळातला आहे, तो बराच क्षार सोसतो. दुसरी गोष्ट किडनीची. जळगाव जामोद, संग्रामपूर भागात किडनीचे रुग्ण मोठ्या संख्येनं दिसतात. लोक खाऱ्या पाण्याला दोष देतात. तेवढं एकच कारण असल्याचं सिद्ध झालेलं नाही. पण ज्याची किडनी आधीच मंदावली आहे त्यानं "परसातलं ताजं आहे" म्हणून पालेभाज्या, शेवगा, टमाटे मनसोक्त खाऊ नयेत. त्यांतलं पोटॅशियम अशा माणसाच्या हृदयाला धोक्याचं असतं. आपल्या डॉक्टरला विचारूनच खा.

त्या सासू-सुनेशी मग पाण्याचा हिशेब केला. त्यांच्या गावात वान धरणाचं नळाचं गोड पाणी येतं, पण एक दिवसाआड, आणि ते पिण्या-स्वयंपाकालाच पुरतं. उन्हाळ्यात एका चौरस मीटरच्या वाफ्याला रोज पाच-सहा लिटर लागतं. दहा चौरस मीटरची बाग म्हणजे चार बादल्या. तेवढं नव्हतंच. पण डाळ-तांदूळ आणि भाजी धुतलेलं, म्हणजे पावडर न लागलेलं गोड पाणी वेगळ्या बादलीत धरलं तर दिवसाला एक बादली निघत होती. एक बादलीत दोन वाफे. एकात पालक-तांदुळजा, दुसऱ्यात सांबार आणि मिरची. शेवगा कोपऱ्यात, पहिलं वर्ष फक्त तांब्याभर पाणी.

तीन महिन्यांनी सून आली तेव्हा हिमोग्लोबिन ११.२ होतं. ते गोळ्यांमुळं, हे मी तिला सांगितलं, अजून तीन महिने चालू ठेवायच्या हेही सांगितलं. बागेचं विचारलं तर ती हसली. पालक दोनदा खुडून झाला होता. शेवगा शेळीनं खाल्ला. सासूनं दुसरी फांदी रोवली आहे आणि तिच्याभोवती बाभळीचे काटे लावले आहेत.